सोळातला एक कुठे गेला?

मैत्रिणींनो, हातातून वस्तू पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. दिवसातून दहा वेळा काही ना काही पडतंच. समोर पडलं की वाकायचं, उचलायचं, संपलं. पण काही वस्तू अशा जागी पडतात की तिथे हात जात नाही आणि नजरही पोचत नाही. कानातलं मोरीच्या जाळीतून खाली जातं. सुई वाकळेच्या थरांत शिरते. शिलाई मशीनचा बारका स्क्रू मशीनच्या पोटात पडतो. अशा वेळी घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, ‘जाऊ द्या, असेल कुठंतरी!’

आज मला या ‘असेल कुठंतरी’बद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे, आणि उदाहरण घेणार आहे ते मोटारीच्या इंजिनाचं. दचकू नका! तुम्ही म्हणाल, ‘हिला पाककृती सोडून हे काय सुचलं?’ पण या सदरात आपण मिक्सरपासून शेगडीपर्यंत सगळं उघडून पाहिलं आहे. इंजिन हेही शेवटी एक यंत्रच. शिवाय माकणीच्या आमच्या घरात गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर जे घडलं, त्यातून मला जे शिकायला मिळालं ते तुमच्या शिलाई मशीनलाही तितकंच लागू आहे.

आधी गाडी कोणती ते सांगते

आमच्या सासऱ्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात. त्यांनी १९८८ साली सोलापुरातून एक जुनी पद्मिनी घेतली होती. पद्मिनी म्हणजे जिला आपण सगळे नुसतं ‘फियाट’ म्हणत आलो ती गाडी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तुम्ही कधी बसला असाल तर ओळख पटेल. ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ सालची. स्थापना करणारे वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे, १८८२ साली तिथेच जन्मलेले. म्हणजे आमच्या भागाला ही गाडी तशी शेजारच्या घरचीच! कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट ११०० वरून ही गाडी इथे तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. या शतकाच्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढायला गर्दी करत होते.

आमची गाडी मात्र शौकाची नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून लोक थकून झोपले होते. पहाटे चार वाजायच्या सुमाराला भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावंच्या गावं दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. त्या दिवशी अण्णांनी मागची बैठक काढून टाकली आणि जखमी माणसं उमरग्याला, सोलापूरला पोचवली. किती फेऱ्या झाल्या ते त्यांनाही आठवत नाही. मी तेव्हा या घरात नव्हते, पण सासूबाईंकडून हे इतक्या वेळा ऐकलं आहे की ती गाडी म्हणजे घरातलं एक माणूसच वाटतं.

पुढे ती वीस-बावीस वर्षं पडवीत पोत्यांखाली झाकून होती. अण्णांनी अठ्ठ्याहत्तरी ओलांडली तेव्हा एकच इच्छा बोलून दाखवली. ‘एकदा या गाडीतून तुळजापूरला जाऊन देवीचं दर्शन घ्यायचं.’ मग आमच्या धाकट्या दिरांनी मनावर घेतलं. भाऊजी नोकरीला उमरग्यात आहेत. शनिवार-रविवारी येऊन त्यांनी इंजिन बाहेर काढलं, सगळं उकललं, धुतलं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या आणि परत जुळवत आणलं. लोहाऱ्याचे एक वयस्क मिस्त्री अधूनमधून येऊन हात द्यायचे. घटस्थापनेला जायचं ठरलं.

सात झाले, आठव्याला एक कमी

आता थोडं यंत्रातलं सांगते. पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह, म्हणजे झाकणं समजा. एकातून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. चार दुणे आठ. प्रत्येक व्हॉल्व्हवर एक जोरदार स्प्रिंग असते आणि ती जागेवर धरून ठेवायला वर दोन बारके तुकडे असतात. त्यांना कॉटर म्हणतात. आकार अर्ध्या अंगठीसारखा, आणि आपल्या नखावर मावेल एवढासा. आठ व्हॉल्व्हचे मिळून सोळा कॉटर.

इंजिनाचं हेड बसवून झाल्यावर लक्षात आलं की जुन्या स्प्रिंगा कमजोर आहेत. सोलापूरहून नव्या आणल्या. हेड परत न काढता, प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरून व्हॉल्व्ह खालून टेकवून धरायचा आणि वरून स्प्रिंग बदलायची, अशी एक युक्ती असते. ती भाऊजींना मिस्त्रींनी शिकवली होती. घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी ते बसले. सात व्हॉल्व्ह झाले. आठव्याला दोन कॉटर हवेत, आणि स्टीलच्या ताटलीत एकच!

पडवी झाडली. भाऊजींच्या खिशात पाहिलं, चपलांखाली पाहिलं. आमच्या धाकट्या लेकाला बॅटरी धरून जमिनीवर पालथं झोपवलं. तिरपा उजेड टाकला की बारीक वस्तूची सावली लांब पडते आणि ती लगेच दिसते, हे लक्षात ठेवा. केर पिठाच्या चाळणीतून चाळला. कॉटर नाही.

भाऊजींनी जुन्या डब्यातून एक सुटा कॉटर शोधला आणि आठवा व्हॉल्व्ह पुरा केला. आता वर सोळाच्या सोळा! सगळं कसं ठीकठाक दिसायला लागलं. ‘वहिनी, झालं बघा. उद्या इंजिन चढवू,’ म्हणाले. मी विचारलं, ‘आणि तो पडलेला?’

‘पडला असंल तर खाली चेंबरात जाऊन बसला असंल. राहू द्या की. त्याला काय व्हतंय?’

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. इंजिन पहिल्यांदा उकललं तेव्हा चेंबरच्या तळाच्या गाळात एक जुना वॉशर निघाला होता. कोणत्या मिस्त्रीच्या हातून तो कधी पडला असेल, देव जाणे. तो वॉशर पोटात घेऊन गाडी वर्षानुवर्षं धावली. ‘त्यानं काय बिघडवलं?’ असं भाऊजींचं म्हणणं. शिवाय चेंबरचं कॉर्कचं गॅस्केट नवंकोरं बसवलेलं. चेंबर परत काढायचं म्हणजे ते वाया, त्यात एक दिवसाची खोटी, आणि घटस्थापना चुकणार. अण्णांचा चेहरा पाहून कुणाचंही मन ‘राहू द्या’ असंच म्हणालं असतं.

इंजिनाच्या पोटातली वाट

आता हा ‘चेंबर’ काय प्रकार आहे? इंजिनाच्या अगदी तळाशी पत्र्याची एक मोठी परात असते. तिच्यात तेल साठतं. गॅरेजमध्ये तिला ऑइल चेंबर म्हणतात. पंपाने तेल वर खेचलं जातं, सगळ्या हलत्या भागांवरून फिरतं आणि घरंगळत पुन्हा खाली येतं. पंपाच्या तोंडाला जाळी असते, त्यामुळे तळाशी निवांत पडलेला नट किंवा वॉशर सहसा वर येत नाही. भाऊजींचा वॉशर म्हणूनच निरुपद्रवी ठरला.

पण वरून पडलेली वस्तू परातीपर्यंत पोचलीच हे कशावरून? मधे वाट मोठी आहे. पद्मिनीच्या जातीच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर असतात आणि त्यांना उघडणारा कॅम खाली. दोघांच्या मधे आठ उभ्या लोखंडी काड्या, त्यांना पुशरॉड म्हणतात. स्प्रिंगा बदलताना त्या काढून ठेवल्या होत्या. म्हणजे आठ खोल भोकं उघडी पडलेली. प्रत्येक भोकाच्या तळाशी टॅपेट नावाची एक वाटी, वाटीखाली कॅम, त्याखाली गरगर फिरणारा क्रँक आणि मग परात. कॉटर यातल्या कोणत्याही पायरीवर अडकलेला असू शकतो.

आणि अडकला तर? गाडी साधारण वेगात असताना इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं असं धरलं, तर एका सेकंदाला पन्नास फेरे होतात. कॉटर कडक पोलादाचा, पिस्टन आणि हेड मऊ अॅल्युमिनियमचे, बेअरिंगचा थर त्याहूनही मऊ. दळताना ज्वारीत खडा आला तर जात्याचं काय होतं? इथे तर जातं एका सेकंदात पन्नास वेळा फिरतंय. कॅम चिरला, पुशरॉड वाकला, एखादा व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला तर इंजिन गेलंच. पद्मिनीचे भाग आता सहजासहजी मिळत नाहीत, शोधावे लागतात. त्यात पैसा तर जातोच, पण अण्णांच्या वयाच्या माणसाला आणखी एक वर्ष थांबा म्हणून कोण सांगणार?

हे सगळं मी त्या वेळी एवढं नीट मांडू शकले नाही, ते मला नंतर मिस्त्रींनी समजावलं. त्या रात्री बोलल्या त्या आमच्या सासूबाई. आयुष्यात त्यांनी पाना हातात धरलेला नाही. दारात बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘वाकळंत सुई हरवली तर सापडल्याबिगर ती वाकळ कुणाच्या अंगावर टाकतोत का आपण?’

कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे वाकळ शिवणाऱ्या बायकांचा हा जुना नियमच आहे. संध्याकाळी काम थांबलं की सुया मोजायच्या. एक कमी आली तर वाकळ उन्हात पसरून हाताने चाचपायची, पण तशीच घडी घालून ठेवायची नाही. लेकराच्या अंगावर जायची असते ती.

अण्णांनी भाऊजींकडे पाहून एवढंच म्हटलं, ‘उकला. देवी काय पळून जायला न्हाई.’

चेंबर उकललं, आणि…

ह्यांनी आणि भाऊजींनी आधी आठही भोकांत लोहचुंबक सोडून पाहिला. जुन्या स्पीकरमधला चुंबकाचा तुकडा, दोरीला बांधलेला. पण तो भोकाच्या लोखंडी भिंतीलाच चिकटायचा, खाली जायचाच नाही. दोनेक तास हा खेळ चालला. मोबाइलला जोडायचा वायरसारखा कॅमेरा शेजारच्या वायरमन मुलाकडून आणला. आत काळं तेल चमकण्यापलीकडे काही दिसेना.

रविवारी सकाळी इंजिन साखळीच्या कप्पीने उचललं, चेंबरचे बोल्ट काढले, परात खाली घेतली. सगळे डोकावलो. परात लख्ख! धुऊन बसवलेली, तशीच स्वच्छ. कॉटर त्यात नव्हता.

तेव्हा मात्र भाऊजींचा चेहरा उतरला. कारण आता ‘खाली जाऊन बसला असंल’ हे म्हणायची सोयच राहिली नाही. जमिनीवर नाही, परातीत नाही, म्हणजे तो वाटेत कुठेतरी होता, आणि ते ठिकाण हलणाऱ्या भागांपैकीच एक असणार.

दुपारी मिस्त्री आले. त्यांनी कुणाला बोल लावला नाही. आधी विचारलं, ‘इंजिन फिरवलं का?’ नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग काय बिघडलं नाही.’ मग दवाखान्यातली मोठी सिरिंज आणि सलाइनची पातळ नळी मागितली. एकेका भोकात नळी सोडून टॅपेटच्या वाटीतलं तेल ओढून घेतलं आणि बॅटरी मारून पाहिलं. पहिलं भोक, दुसरं, तिसरं… सहाव्या वाटीत तेल निघाल्यावर तळाशी काहीतरी चमकलं. तेलात बुडून वाटीला चिकटून बसलेला कॉटर! कॅमेऱ्याला तो दिसला नव्हता, कारण वर तेल होतं.

काढण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी होती. चुंबकाचा बारीक तुकडा एका सळीच्या टोकाला लावला आणि सळी प्लॅस्टिकच्या नळीत घातली, फक्त टोक बाहेर. आता बाजूच्या भिंतीला चिकटायला चुंबकाला वाव नाही. सरळ तळाशी गेला, ‘टिक’ असा आवाज आला आणि कॉटर वर!

तो पुशरॉड तसाच बसवला असता तर त्याचं टोक वाटीत नीट न टेकता या तुकड्यावर तिरकं टेकलं असतं. वरून पाहून कुणालाही कळलं नसतं, कारण कॅमच्या उंचवट्यामुळे आठही काड्या तशाही खालीवर दिसतात. गाडी चालूही झाली असती. मग कुठेतरी नळदुर्गच्या रस्त्यावर काडी निसटली असती किंवा वाकली असती.

गॅस्केट फाटलं होतं, ते कॉर्कच्या पत्र्यातून मिस्त्रींनी हाताने कापून दिलं. घटस्थापना चुकली. आम्ही पाचव्या माळेला तुळजापूरला गेलो. अण्णा पुढे बसले होते. जाताना अन् येताना रस्त्यावर लोक हात दाखवत होते.

तुमच्यावर प्रसंग आला तर

आता मुद्द्याचं सांगते. घरातला कुणी जुनी गाडी, स्कूटर किंवा विहिरीवरचं डिझेल इंजिन उकलत असेल आणि आत काही पडलं, तर या क्रमाने जा.

१. काहीही फिरवू नका. किल्ली काढा, बॅटरीची तार सोडवा, किक मारू नका. गाडी गिअरमध्ये असेल तर ढकलूही नका. पडलेली वस्तू न हललेल्या यंत्रात कधीही सापडते. एकदा फिरवलं की ती कुठे जाईल ते सांगता येत नाही.

२. काय पडलं ते नक्की करा. जोडीचा दुसरा भाग हातात घ्या आणि त्याला चुंबक लावून पाहा. लोखंड-पोलाद असेल तर चिकटेल. पितळ, तांबं, अॅल्युमिनियम आणि बरंचसं स्टेनलेस स्टील चिकटत नाही. मग चुंबक घेऊन तासन्तास बसण्यात अर्थ नाही.

३. आधी बाहेर शोधा. जमीन, कपड्यांच्या घड्या, हत्यारांची पेटी. तिरपा उजेड आणि चाळणी विसरू नका.

४. मग आत पाहा. पर्समधला छोटा आरसा आणि बॅटरी यांनी बरंच काम होतं. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आता हजाराच्या आत मिळतो. तेल साचलं असेल तर आधी ते सिरिंजने ओढून घ्या.

५. काढताना चुंबक नळीत घाला, म्हणजे तो भिंतीला चिकटणार नाही. चुंबक लागू नसेल तर लवचिक काडीच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावा आणि वस्तूवर हलकेच टेकवा. सरळ वर ओढा, घाईने बाजूला घासू नका.

६. हवेचा फवारा मारू नका. वस्तू बाहेर येण्याऐवजी आणखी आत जाते. आणि इंजिनाजवळ व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. पेट्रोलच्या वाफा असतात आणि त्या यंत्रात ठिणगी पडते, आग लागू शकते.

७. वरून नाही मिळाली तर खालून उघडा. तेल काढताना ते जुन्या पातळाच्या तुकड्यातून गाळून घ्या. चेंबर उघडायचं म्हणजे नवं गॅस्केट आधी हाताशी ठेवा.

८. तरी नाही मिळाली तर जाणत्या मिस्त्रीला बोलवा, आणि काय काय हलवलं ते खरं सांगा.

पडूच नये म्हणून

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चिंध्या. उघड्या पडलेल्या प्रत्येक भोकात स्वच्छ चिंधी कोंबायची, टोक बाहेर राहील अशी आणि रंगीत. पांढरी चिंधी मळून लोखंडासारखीच दिसते आणि आतच राहून जाते. लुगड्याची लाल किंवा हिरवी चिंधी उत्तम. आणि चिंध्यासुद्धा मोजा! आठ कोंबल्या तर आठ निघाल्या पाहिजेत. सुटे भाग बर्फाच्या ट्रेमध्ये किंवा मसाल्याच्या जुन्या डब्यात ठेवावेत, प्रत्येक वाटीत एका व्हॉल्व्हचे. सुरुवातीला आकडा कागदावर लिहा, काम संपल्यावर पडताळा. बदली तुकडा बसवलात तर तोही लिहा. आमच्याकडे वर सोळा पुरे दिसत होते खरे, पण हाताळलेले झाले होते सतरा.

ही मोजदाद काही गॅरेजपुरती नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी परिचारिका कापसाच्या घड्या, सुया, हत्यारं आधी मोजतात, पोट शिवण्याआधी मोजतात आणि शेवटी पुन्हा मोजतात. आकडा जुळला नाही तर शोध घेतल्याशिवाय पुढे जायचं नसतं. त्या घड्यांमध्ये क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला असतो, तो याचसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी सुरक्षिततेची जी यादी दिली, तिच्यात रुग्णाला बाहेर नेण्याआधी ही मोजणी मोठ्याने बोलून पक्की करायची असते. मोठमोठ्या डॉक्टरांना मोजायची लाज वाटत नाही, मग आपल्याला का वाटावी? आणि मोठ्याने बोलायला सांगतात त्यालाही कारण आहे. मनातल्या मनात आकडा जुळवून घेणं फार सोपं असतं.

आणि हेच घरातल्या वस्तूंना

शिलाई मशीन: सुईचा तुकडा किंवा स्क्रू आत पडला तर चाक फिरवू नका. पट्टा काढा, मशीन मागे कलती करा, खालून ब्रश आणि चुंबकाने शोधा. मोडलेल्या सुईचे तुकडे जुळवून पाहा. टोक सापडलं नसेल तर ते कापडात असू शकतं, आणि ते झबलं असेल तर?

बेसिन: कानातलं गेलं तर नळ लगेच बंद करा. खालच्या वाकड्या नळीखाली बादली ठेवा आणि नळीची वाटी हाताने फिरवून काढा. बहुतेक वेळा दागिना तिथेच सापडतो. बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपची जाळी आणि आतली वाटी उचलून पाहा. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही हे ध्यानात असू द्या.

मिक्सर: भांड्यात चमचा किंवा स्क्रू राहिल्याची शंका आली तर आधी प्लग काढा, मग हात घाला. शंका फिटेपर्यंत बटण नाही.

वाकळ, गादी, उशी: सुई हरवली तर चुंबक वरून सावकाश फिरवा, दोन्ही बाजूंनी. शिवायला बसताना किती सुया घेतल्या ते आधीच ठरवा.

मैत्रिणींनो, घरातला कुणी हातात पाना घेऊन ‘तुला काय कळतंय यातलं’ म्हणाला, तरी दोन प्रश्न विचारायचा अधिकार तुमच्याकडे आहेच: ‘किती होते? किती आहेत?’ त्यासाठी यंत्रातलं काही कळावं लागत नाही. दोन्ही आकडे सारखे आले तर झाकण लावा. नाही आले तर चहा टाका, बत्ती जवळ घ्या आणि सगळे मिळून शोधायला बसा.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यानंतर लोखंडी खाटा आणि पेट्या गंजू नयेत म्हणून काय करावं ते पाहू. तुमच्या घरात अशी आत पडलेली वस्तू कुणी युक्तीने काढली असेल तर जरूर कळवा. निवडक युक्त्या या सदरात देईन.